भंगारातलं हरितगृह आपल्या हवेचं हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शेती पुरवणीत टाकाऊ वस्तूंपासून घरच्या घरी हरितगृह उभारण्याची माहिती आणि सोबत जुन्या खिडक्या जोडून केलेल्या काचघराचं छायाचित्र प्रसिद्ध झालं. कल्पना चांगली आहे. गावाकडे भंगाराला तोटा नाही, बांबू आहे, मोकळी जागा आहे, आणि घरापुरत्या रोपांसाठी कुणी अनुदानाचं पॉलिहाऊस बांधणार नाही. पण छायाचित्रातलं घर जसंच्या तसं निफाडला किंवा जिंतूरला उभं केलं, तर मार्च उजाडताच आतली रोपं वाफवून निघतील. ते घर थंड मुलखातलं आहे. मिळेल तेवढी ऊब धरून ठेवायची, एवढंच त्याचं काम. आपल्याला वर्षातले नऊ-दहा महिने ऊब नकोच असते. पावसाचा मारा, पांढरी माशी आणि एप्रिल-मेचं ऊन या तिघांपासून रोप वाचवायचं असतं. म्हणून आपल्याकडच्या घरगुती हरितगृहाचा आराखडा वाऱ्यापासून सुरू व्हायला हवा. गरम हवा कुठून बाहेर पडेल आणि वादळात छप्पर जागेवर कसं राहील, हे ठरल्यावर मग भंगारवाल्याकडे जावं.

काचेचं आधी उरकतो. ४ मिलिमीटर जाडीची काच एका चौरस मीटरला १० किलो भरते. एवढं ओझं पेलायला सांगाडा जाड लागतो, आणि तिथेच स्वस्ताई संपते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाडा-विदर्भातले लोक विसरलेले नाहीत. साध्या काचेच्या छपराखाली त्या दिवसांत माणूस असता तर काय झालं असतं, ते सांगायला नको. शिवाय वाफ्यात मिसळलेले काचेचे तुकडे पुढची दहा वर्षं हाताला लागत राहतात. जुन्या खिडकीचा उपयोग एकच: डिसेंबर-जानेवारीत विटांच्या बुटक्या चौकटीवर ती तिरकी टेकवून खाली मिरची-वांग्याचं बी लवकर उगवून घ्यायचं. तेही सकाळी नऊला खिडकी उचलायची आठवण राहत असेल तरच.

घरच्या वापराला १० फूट रुंद आणि २० फूट लांब जागा पुरते. जागा अशी हवी की सकाळचं ऊन विनाअडथळा येईल आणि पावसाचं पाणी साचणार नाही. आढं, म्हणजे छपराचा माथा, दक्षिणोत्तर धरावं, म्हणजे सावली दिवसभर फिरत राहते आणि एकच वाफा कायमचा अंधारात पडत नाही. पश्चिमेचं पाखं (छपराची उतरती बाजू) पूर्वेच्या पाख्यापेक्षा फूटभर उंच न्यायचं आणि अर्धा फूट पुढे काढायचं. अशाने आढ्यालगत २० फूट लांब आणि एक फूट उंच अशी पूर्वेला तोंड केलेली फट राहते. पावसाळ्यातला वारा आपल्याकडे पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा. तो छपरावरून घसरत जाताना या फटीतून आतली गरम हवा ओढून घेतो आणि पाऊस सहसा आत येत नाही. वळवाचा वारा मात्र कुठूनही येतो, तेव्हा थोडं भिजणार हे धरून चालावं. आढ्याला फट न ठेवता फक्त बाजू उघड्या ठेवल्या, तर वारा पडलेल्या दुपारी छपराखाली तापलेल्या हवेचा थर तसाच लोंबकळत राहतो. घरगुती शेडमध्ये सर्वांत जास्त वेळा राहून जाणारी गोष्ट हीच.

मापं अशी. बाजूच्या मेढी, म्हणजे उभे खांब, जमिनीवर ६ फूट, पूर्वेच्या पाख्याचा माथा साडेआठ फुटांवर, पश्चिमेचा साडेनऊ फुटांवर. यापेक्षा बुटकं करायचा मोह होतो, कारण बांबू वाचतो. पण बुटक्या शेडमध्ये उष्णता थेट रोपांच्या शेंड्यावर बसते. उतारही एवढा लागतोच. छप्पर सपाटीला आलं की फिल्मच्या आतल्या बाजूला साठलेलं दव घरंगळून बाजूला न जाता रोपांवर टपकतं, आणि वरून पावसाचं पाणी साचून पोट धरतं. एक चौरस मीटरच्या खळग्यात १० सेंटिमीटर पाणी साचलं की ते १०० किलो झालं.

दर ५ फुटांवर एक अशा पाच जोड्या उभ्या करायच्या; एका जोडीत बाजूच्या दोन मेढी, मधली आढ्याची मेढ आणि दोन वासे. वीस फुटी २२ बांबू लागतात. एका बांबूतून १२ फुटांची आढ्याची मेढ आणि ८ फुटांची बाजूची मेढ निघते, असे पाच. उरलेल्या पाच बाजूच्या मेढींना तीन, पश्चिमेच्या ८ फुटी वाशांना तीन, पूर्वेच्या ७ फुटी वाशांना तीन, लांबीच्या आडव्या बांबूंना चार आणि कोपऱ्यांतल्या तिरक्या आधारांना चार. तिरके आधार वगळायचे नाहीत. चौकोन वाऱ्यात कलंडतो, त्रिकोण कलंडत नाही. आढ्याच्या मेढी मधोमध येतात म्हणून आतली मांडणी अशी करावी: दोन्ही कडांना अडीच-अडीच फुटांचे वाफे, मध्ये २ फुटांचा वाफा, आणि त्यांच्यामध्ये दीड-दीड फुटाच्या दोन वाटा. मेढी मधल्या वाफ्यात जातात आणि चालताना आड येत नाहीत.

बांबू कोकणात माणगा, घाटावर आणि विदर्भात मानवेल. दोन्ही बऱ्यापैकी भरीव, म्हणून चांगले. तीन वर्षांच्या आतला कोवळा बांबू घेऊ नये. तोड दिवाळीनंतर माघापर्यंत करावी. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूत पिष्ट जास्त असतं, भुंगा लागतो आणि वर्षभरात खाली पिवळा भुगा पडू लागतो. बोरिक ॲसिड २ किलो आणि बोरॅक्स ३ किलो १०० लिटर पाण्यात विरघळवून त्यात बांबू आठवडा-दीड आठवडा बुडवले तर भुंग्यापासून सुटका होते. त्याआधी लांब सळई घालून आतले पेरांचे पडदे फोडून घ्यावे लागतात, नाहीतर औषध पोकळीत पोहोचत नाही. एवढी लांब टाकी कुणाकडे नसते. पण शेततळ्याच्या अस्तराचा फाटका तुकडा चरात अंथरला की टाकी तयार. उरलेलं पाणी शेतात ओतू नये, जास्त बोरॉनने पिकाची पानं कडेने करपतात.

हा उपाय जमिनीवरच्या बांबूला पुरतो, जमिनीतल्या नाही. बोरॅक्स ओल्या मातीत धुऊन जातं आणि पुरलेला बुंधा दोन पावसाळ्यांत कुजतो. डांबर लावल्याने थोडा काळ मिळतो, एवढंच. सगळ्यांत चांगला उपाय द्राक्षपट्ट्यात फुकटाच्या भावात पडलेला असतो: मोडलेल्या बागेतले लोखंडी अँगल. त्यांचे चार-चार फुटांचे तुकडे २ फूट जमिनीत आणि २ फूट वर असे उभे करावेत. बांबू जमिनीला टेकू न देता, चार बोटं वर ठेवून त्यांना तारेने आवळावा. मग बाजूच्या मेढी ६ फुटांच्याच आणि आढ्याच्या साडेनऊ फुटांच्या कापल्या तरी चालतात. बांबू खराब झाला तर तेवढाच बदलायचा, खड्डा पुन्हा खणायचा नाही. काळ्या मातीत अँगल पुरताना खड्डा त्याच मातीने भरू नये. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि प्रत्येक फेरीत मेढ ढिली करते. मुरूम टाकून, पाणी मारून, पहारीने ठेचून भरावा.

आता वादळाचं. या विषयावर लिहिणारे बहुतेक लोक इथेच घाई करतात. ताशी ९० किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर साधारण ३८ किलोंचा दाब देतो. आपलं छप्पर साडेअठरा चौरस मीटर जमीन झाकतं. म्हणजे त्याला वर उचलणारा जोर सातशे किलोंच्या घरात जाऊ शकतो. अख्खा सांगाडा फिल्मसकट दोनशे किलोंच्या आत असतो. उरलेले पाचशे किलो जमिनीने धरायचे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडमध्ये पक्क्या घरांचे पत्रे उडाले, तिथे बांबूची काय कथा.

यावर उपाय दगडाचा. चारही कोपऱ्यांजवळ आणि दोन्ही लांब बाजूंच्या मध्यावर दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट खोल असे सहा खड्डे घ्यावेत. तळाशी आडवा लांबट दगड किंवा जुन्या रुळाचा तुकडा, त्याला द्राक्षाच्या मांडवाची जाड जस्ती तार दुहेरी गुंडाळून वर काढायची आणि खड्डा ठेचून भरायचा. एक घनफूट माती सुमारे ४५ किलो, म्हणजे एक खड्डा दोनशे किलोंना धरून ठेवतो. तारेचं वरचं टोक नुसत्या मेढीला न बांधता वासा आणि मेढ जिथे मिळतात तिथे बांधायचं, कारण वारा छप्पर उचलतो आणि सांधा आधी सुटतो. वादळाची चाहूल लागली की वाऱ्याकडच्या बाजूचा फिल्मचा पडदा खाली घ्यायचा, पलीकडची बाजू आणि आढ्याची फट उघडी ठेवायची. उलट केलं तर वारा आत भरतो आणि छपराला खालून ढकलतो. सगळं घट्ट बंद करून निर्धास्त झोपणं पातळ फिल्मच्या शेडमध्ये जमत नाही. वारा फारच असेल तर फिल्म सोडवून गुंडाळावी. सांगाडा वाचला तर फिल्म पुन्हा येते.

सांधे बांधताना बांबूला खिळा मारू नये, तो उभा चिरतो. भोक पाडायचंच असेल तर पेराच्या जवळ आणि गिरमिटाने. सांध्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून चार वेढे, वरून जस्ती तार. रबर घसरू देत नाही, तार सुटू देत नाही. नायलॉनची सुतळी उन्हात वर्षभरात पिठासारखी होते, तिच्यावर छप्पर सोपवू नये. मेढीचं वरचं टोक पेराच्या लगेच वर कापावं, नाहीतर नळीत पाणी साचून बांबू आतून कुजतो.

फिल्मच्या बाबतीत मात्र भंगाराचा हट्ट सोडावा, किंवा निदान भंगार पारखून घ्यावं. बांधकामावर मिळणारा साधा पारदर्शक प्लास्टिक कागद एका उन्हाळ्यात तडकतो आणि त्याचे तुकडे वाऱ्याने शेतभर जातात. लागते ती अतिनील किरणांना टिकणारी, २०० मायक्रॉनची, म्हणजे ०.२ मिलिमीटर जाडीची फिल्म. बाजारात तिला ८०० गेज म्हणतात. २०० मायक्रॉनची फिल्म एका चौरस मीटरला १८४ ग्रॅमच्या आसपास भरते. घेतलेल्या तुकड्याचं माप आणि वजन करून भागाकार केला की दुकानदाराचं २०० खरं की १५० ते लगेच कळतं. आपल्या छपराला पश्चिमेकडे २३ फूट लांब आणि साडेनऊ फूट रुंद, पूर्वेकडे २३ फूट लांब आणि साडेआठ फूट रुंद असे दोन तुकडे लागतात, मिळून सात किलोंच्या थोडी वर.

जुनी फिल्म मिळते मावळात, नाशकात, जिथे जिथे गुलाब-जरबेराची पॉलिहाऊस आहेत तिथे. तीन-चार वर्षांनी उजेड कमी येतो म्हणून ते लोक ती बदलतात. घरच्या शेडला ती आणखी एक-दोन हंगाम देते. पारख अशी: छपराच्या मध्यावरचा तुकडा मागावा, कडेचा नको. दुमडून नखाने घडी दाबावी आणि आडवी ताणावी. लांबत गेली तर जीव आहे, सरळ रेषेत टरकन फाटली तर फक्त वाफ्यावर अंथरायच्या लायकीची. सांगाड्याला घासून गेलेल्या काळपट पट्ट्या कापून टाकाव्यात. घरी आणून साबणाच्या पाण्याने मऊ फडक्याने धुवावी. झाडूने खरवडली की चरे पडतात आणि उजेड आणखी घटतो.

फिल्म लवकर मरण्याची तीन कारणं ठरलेली आहेत. एक, तापलेलं लोखंड. उन्हात पाइप तापतो आणि जिथे टेकतो तिथे फिल्म आधी जाते, म्हणून वरची बाजू पांढऱ्या रंगाने रंगवावी किंवा झाकावी. दोन, पीव्हीसी पाइप आणि गंधकाच्या फवारण्या. दोन्हींमुळे फिल्ममधला उन्हापासून वाचवणारा घटक लवकर निकामी होतो. तीन, फडफड. थंडीत पहाटे कडक ताणलेली फिल्म दुपारी सैल पडते, मग दिवसभर फडफडते आणि खिळ्यापाशी फाटते. वारा पडलेला असताना, कोवळ्या उन्हात ती बसवावी.

इथे ठिबकच्या जुन्या नळ्यांचं सोनं होतं. १६ मिलिमीटरची लॅटरल उभी चिरून वाशांच्या वरच्या कडेवर चढवली की बांबूचे डोळे आणि फाटे फिल्मला टोचत नाहीत. कडेला फिल्म दोनदा दुमडून, खाली चिरलेल्या नळीची पट्टी आणि वर बांबूची कामटी, असं मध्ये धरून तारेने आवळावी. नुसत्या फिल्ममधून खिळा कधीच जाऊ नये. अर्धा इंची लोखंडी पाइप असेल तर २५ मिलिमीटरच्या जुन्या एचडीपीई पाइपचे चार-चार इंचांचे तुकडे एका बाजूने चिरून चाप करता येतात. चापाची आतली पोकळी पाइपच्या जाडीपेक्षा किंचित कमी हवी, तरच पकड बसते. दोन जोड्यांच्या मध्ये छपरावरून लॅटरलमध्ये ओवलेली तार टाकून दोन्हीकडे खाली ताणली की फडफड जवळजवळ थांबते.

बाजूंना तळापासून दीड फूट शेततळ्याच्या अस्तराची किंवा फ्लेक्सची पट्टी, अर्धा फूट मातीत गाडून. पावसाचे चिखलाचे शिंतोडे, बेडूक आणि कोंबड्या तिथेच थांबतात. गावात वाढदिवसाच्या फ्लेक्सना तोटा नाही. त्यांचा उपयोग एवढाच: तळपट्टी आणि वाटेवरचं अंथरूण, साहेबांचा चेहरा खाली करून. छपराला फ्लेक्स घालू नये, उजेड जात नाही आणि ते पीव्हीसी असतं. डाळिंबावर उन्हासाठी जुन्या साड्या घालतात, तशा त्या शेडवर घालायची पद्धत पडू लागली आहे. एप्रिल-मेच्या सावलीला चालतात, पण ओली साडी वारा पूर्ण अडवते आणि वादळात शिडासारखी भरते. ज्येष्ठ लागण्याआधी त्या काढायच्या. पाण्याच्या बाटल्यांची भिंत दिसायला छान, आत शेवाळ धरते आणि वारा बंद करते. त्यापेक्षा बाटलीचा तळ कापून, झाकण काढून जानेवारीत कलिंगडाच्या एकेका रोपावर उपडी ठेवावी.

तळपट्टीच्या वर सगळीकडे जाळी. चारही बाजू, दोन्ही टोकांचे त्रिकोण आणि आढ्याची फट मिळून ४० चौरस मीटरच्या आसपास लागते. विकत घ्यायची दुसरी वस्तू ही. मिरची-टोमॅटोवरचा बोकड्या किंवा चुरडा-मुरडा पसरवणाऱ्या विषाणूची वाहक पांढरी माशी आहे, आणि रोप लहान असताना विषाणू गेला तर पुढे काहीही फवारा, झाड सुधारत नाही. मच्छरदाणीचं भोक साधारण सव्वा मिलिमीटर. त्यातून फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग येत नाही, पण पांढरी माशी आरामात येते. ४० मेशच्या, म्हणजे इंचाला ४० भोकं असलेल्या जाळीने ती बरीचशी अडते, ५० मेशने जवळजवळ सगळी. फुलकिडे दोन्हीतून जातात. पण जाळी जेवढी बारीक तेवढा वारा कमी, म्हणून जाळीचा पसारा मोठा ठेवायचा. एक-दोन खिडक्यांपुरती ५० मेश लावणं हा उकाड्याला आमंत्रण देण्याचा प्रकार आहे. फेब्रुवारीनंतर धुळीने भोकं बुजतात, पंधरवड्याला पाइपने बाहेरून पाणी मारावं. दाराला दोन पडदे, मध्ये अडीच फूट अंतर, खालच्या काठात वाळू भरलेली नळी. एक पडदा मागे पडल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही.

आवरण ऋतूप्रमाणे बदलतं, आणि ते न बदलल्यामुळेच चांगल्या बांधलेल्या शेड फुकट जातात. जून ते सप्टेंबर छपरावर फक्त फिल्म, बाजूंना फक्त जाळी. त्या दिवसांत उजेडच कमी असतो, वरची हिरवी सावलीजाळी काढून ठेवावी. कोथिंबीर आणि मेथी उघड्यावर सडत असताना इथे नीट येतात. ऑक्टोबरच्या उन्हात दोन-तीन आठवडे ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी सावलीजाळी परत येते. डिसेंबर-जानेवारीत निफाडसारख्या ठिकाणी पारा पाच अंशांच्या खाली जातो, तेव्हा बाजूंना फिल्मचे गुंडाळते पडदे, सूर्य मावळण्याआधी खाली आणि सकाळी नऊला वर. त्याच काळात आत २०० लिटरचा काळा रंगवलेला पाण्याचा पिंप ठेवला आणि रात्रीतून तो १० अंश निवला, तर सव्वादोन युनिट विजेएवढी उष्णता तो सोडतो. त्याने शेड गरम होत नाही, पिंपाशेजारच्या ट्रेचं बी मात्र लवकर उगवतं. पिंप खाद्यतेलाचा किंवा गुळाच्या काकवीचा घ्यावा. तणनाशकाचा पिंप कितीही धुतला तरी घेऊ नये, २,४-डी या तणनाशकाचा अंशसुद्धा टोमॅटोची पानं वेडीवाकडी करतो.

मार्च ते मे हा खरा कसोटीचा काळ. खानदेश-विदर्भात फिल्म काढून गुंडाळून ठेवावी आणि नुसती सावलीजाळी लावावी. फिल्म ठेवायचीच असेल तर सावलीजाळी फिल्मच्या वर, फूटभर अंतर ठेवून लावावी. पुष्कळ लोक ती आतून बांधतात. मग ऊन आत येऊन जाळी तापवतं आणि ती उष्णता आतच राहते. अकोला-नागपूरकडे पश्चिमेच्या जाळीवर ओलं गोणपाट सोडलं की कूलरसारखं काम करतं, कारण तिथली हवा कोरडी आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात याचा उपयोग नाही, हवा आधीच ओली. तिथे गोणपाटावर फक्त बुरशी येते. टोमॅटो या काळात आत लावून फळाची वाट पाहू नये. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की फुलं गळतात, आणि आपली शेड त्याच्या वरच असते.

रोपांसाठी ९८ खाचांचे जुने ट्रे चालतात, पण ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून, मग स्वच्छ धुऊन. कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या दाबलेल्या भुशाच्या) ५ किलोंच्या विटेतून साठ लिटरच्या वर भुसा होतो आणि वीसएक ट्रे भरतात. रोपं मानेपाशी कोलमडतात त्याला बहुतेक वेळा संध्याकाळचं पाणी जबाबदार असतं. रात्रभर ओल, वर बंद पडदे, आणि बुरशीला सगळं आयतं. पाणी सकाळीच द्यावं. बियाण्याला किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी चोळावी. मातीच्या वाफ्यांवर एप्रिल-मेमध्ये ओल देऊन जुनी पारदर्शक फिल्म चार ते सहा आठवडे कडा बुजवून अंथरली तर तण आणि बुरशी दोन्ही घटतात. लावणीआधी पाच-सात दिवस सावली काढून पाणी तोडायचं. हे केलं नाही तर शेलाटी रोपं शेतात पहिल्याच दुपारी मान टाकतात.

भंगारात सिमेंटचे जुने पत्रे मिळतात, तेही फुकट. त्यांत ॲस्बेस्टॉस असतं. ते कापू नयेत, भोक पाडू नये, धूळ छातीत जाते. छपरावरचं पाणी मात्र वाया घालवू नये. वळचणीला उभा चिरलेला जुना ४ इंची पाइप तारेने टांगला, फिल्मला न टेकू देता, तर एक इंच पावसात साडेचारशे लिटरच्या वर पाणी पिंपात येतं.

शासनाच्या संरक्षित शेतीच्या योजना गुंठ्यांच्या हिशेबात आहेत आणि त्यांचे आराखडे बहुतेक लोखंडी पाइपचे. दोनशे चौरस फुटांच्या घरगुती शेडला अनुदान मागण्यात अर्थ नाही, कागदपत्रांचाच खर्च जास्त होईल. मागणी वेगळी आहे. प्रत्येक कृषी विज्ञान केंद्राने आपल्या भागात मिळणाऱ्या भंगारातून अशी एक शेड उभी करून तिचा मापांसह आराखडा मराठीत लावावा. कोकणातला आराखडा परभणीला चालणार नाही, म्हणून तो जिल्ह्याचाच हवा. आणि कृषी सेवा केंद्रांत सुटी विकली जाणारी फिल्म मायक्रॉन, उत्पादनाचं वर्ष आणि अतिनील संरक्षण आहे की नाही हे छापल्याशिवाय विकू देऊ नये. आज गुंडाळीवर असलेला छाप तुकडा कापून घेणाऱ्याच्या हाती येत नाही. दर मीटरला एकदा तो छापला, तर प्रश्न सुटतो.

आपला,
एक रोपवाटिकाचालक,
ता. जुन्नर, जि. पुणे